सोलापूरपर्यंतची गाडी

पहिला हप्ता भरायचा होता तेव्हा पतसंस्थेचं ऑफिस लातूरला होतं. दुसऱ्या महिन्यात ते लातूरच्या अलीकडे, औशाच्या रस्त्यावर एका पेट्रोल पंपाशेजारी सापडलं. पुढे खुद्द औशात. भूपाल मगदूम यांनी याबद्दल कुणाकडे तक्रार केली नाही. हप्ता भरला की कर्ज कमी होतं आणि कर्ज कमी झालं की ऑफिस जवळ येतं, एवढं मिरजेतल्या कुणालाही कळलं असतं. भूपालअण्णा तर कुकर-मिक्सर दुरुस्त करणारे. कुठली गोष्ट कशामुळे होते हे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

कर्ज खरं तर त्यांचं नव्हतंच. त्यांचे साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान धनपाल, यांनी इचलकरंजीत यंत्रमाग टाकण्यासाठी ते काढलं आणि अण्णा जामीन राहिले. सही केली त्या दिवशी पतसंस्थेचं ऑफिस अण्णांच्याच गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीला लागून होतं. पाच मिनिटांत काम झालं, वर चहाही मिळाला. नंतर धनपाल बायकोला घेऊन बंगळूरच्या बाजूला कुठंतरी गेला आणि त्यानं फोन उचलणं सोडून दिलं. नोटीस आली त्या सकाळी अण्णा तावातावानं गल्लीच्या तोंडाशी गेले, तर गिरणी होती, गिरणीला लागून पानपट्टी होती, आणि मध्ये ऑफिस मावेल एवढी जागाच नव्हती. नोटिशीवर पत्ता होता लातूरचा. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: जामीनदाराने पत्नीसह, स्वतःच्या वाहनाने येऊन हप्ता भरावा. एसटीने, पायी अथवा दुसऱ्याच्या गाडीतून आलेल्यांचा हप्ता घेतला जाणार नाही.

स्वतःचं वाहन म्हणजे अण्णांकडे एक सायकल होती. तिच्यावरून बायकोला डबल सीट घेऊन लातूर गाठायचं म्हणजे हप्त्याआधी दोघांचंच काहीतरी झालं असतं. म्हणून त्यांनी होते नव्हते ते पैसे गोळा करून एका निवृत्त डॉक्टरांची जुनी पांढरी गाडी घेतली. त्यांच्या बायकोनं, त्रिशलावहिनींनी, तिला हळदकुंकू लावलं आणि माहेरच्या पांढऱ्या गाईचं नाव दिलं, ढवळी. नाव ठेवलं तेव्हा गाडीनं एकदा वायपर हलवला. दोघांनाही ते रीतसर वाटलं.

मग दर महिन्याला एक प्रवास सुरू झाला. पहाटे निघायचं, कवठेमहांकाळ, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, तुळजापूर करत ऑफिस गाठायचं, हप्ता भरायचा आणि उलट्या पावली फिरायचं. मगदुमांच्या घरात सूर्य मावळल्यावर कुणी जेवत नाही. जैनांची ही रीत दोघांनी रस्त्यावरही मोडली नाही. परतताना सूर्य टेकायला आला की अण्णा गाडी बाजूला घेत, वहिनी मांडीवर डबा उघडत. दशम्या, लसूण न घातलेली शेंगांची चटणी, घट्ट दही. कधी करडईचं रान समोर असे, कधी नुसता माळ. जेवण झालं की वहिनी डब्याच्या झाकणात पाणी घेऊन बोटं बुडवत आणि म्हणत, ‘‘चला, आता अंधार झाला तरी चालंल.’’

बाकीच्यांसाठी लातूर होतं तिथंच होतं. एसटी रोज जात-येत होती. फक्त मगदूम नवराबायको हप्ता भरायला निघाले की रस्ता आधीच्या खेपेपेक्षा थोडा लवकर संपायचा. तुळजापूर मागं पडलं ते कायमचंच. मग वर्षभर ऑफिस सोलापुरातच फिरत राहिलं. एकदा चादरीच्या दुकानावर, एकदा तळ्यासमोर, एकदा चक्क एका लग्नाच्या हॉलच्या तळघरात. आत मात्र काही बदलायचं नाही. तेच काउंटर, तोच कुरकुरणारा पंखा, दोरीनं बांधलेलं तेच पेन, आणि काउंटरमागे मॅनेजर उपाध्ये, केस विंचरून बसलेले.

‘‘साहेब, मागच्या महिन्यात तुम्ही तुळजापुरात होता,’’ अण्णा एकदा न राहवून म्हणाले होते.

‘‘आम्ही कुठंच गेलो नाही,’’ उपाध्ये म्हणाले. ‘‘ऑफिस हलत नाही. ही खुर्ची बघा, पाय फरशीत बसलेत. तुम्ही जवळ आलाय.’’

‘‘आम्ही मिरजेतच आहोत.’’

‘‘असाल. पण जवळच्या मिरजेत.’’

अण्णांनी पावती घडी करून खिशात घातली.

ढवळीची डिकी तुळजापूर सुटलं त्याच महिन्यात अडकली. किल्ली फिरायची, पण झाकण काही उघडायचं नाही. आत जॅक आणि स्टेपनी होती, त्यांची गरज पडली नाही, म्हणून अण्णांनी नाद सोडला. घरोघरीचे कुकर उघडून देणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाडीची डिकी उघडेना, हे त्यांनी गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. मात्र तेव्हापासून गाडी मागनं खाली बसू लागली. दर हप्त्याला थोडी थोडी. सांगोला आलं तोवर मागची चाकं निम्मी आत गेली होती आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघत होते.

‘‘वय झालं की कंबर बसतीच,’’ वहिनी म्हणाल्या. त्यांची स्वतःची बसली होती, त्यामुळे त्या गाडीची बाजू घेत.

वर्षं गेली. दुकानात अण्णांनी डोळ्यांवर आणखी जाड भिंगं चढवली आणि हप्ता चुकवला नाही. ऑफिस कवठेमहांकाळात आलं, मग द्राक्षबागांच्या कडेला, मग मिरजेच्या वेशीवर. पहाटे निघायची गरज उरली नाही. चहा पिऊन निघालं तरी चाले. मग जेवून निघालं तरी चाले. वहिनी तरीही दशम्या करत. ऑफिस दोन चौक पलीकडे असताना तो डबा पोस्टासमोर, गाडीत बसून खाल्ला गेला. येणारेजाणारे वाकून आत बघत होते, पण सूर्य तिथंही मावळत होता आणि डबा तिथंही तोच होता.

शेवटून दुसऱ्या हप्त्याला ऑफिस गल्लीत, बरोबर समोर आलं. दारातून उपाध्ये दिसत होते. अण्णांनी हात केला, उपाध्यांनी मान हलवली. पण नियम तो नियम. दोघं गाडीत बसले, गल्लीतून पुढं जाऊन गिरणीला वळसा घातला आणि समोरच्या दाराशी येऊन थांबले. हप्ता भरला. परत येताना ढवळी कशीबशी अंगणात शिरली, तिच्या पोटात कुठंतरी काहीतरी मोडलं, आणि ती जी बसली ती उठेना.

रजाक मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलं, बंद केलं, खाली वाकून मागची बाजू पाहिली.

‘‘अण्णा, मागं काय भरलंय?’’

‘‘स्टेपनी आहे.’’

‘‘स्प्रिंगचे पाटे पार मोडलेत. एवढं वजन मी ट्रकच्या खाली बघितलं नाही.’’ रजाकनी हात पुसले. ‘‘इंजिन पण गेलंय. दुरुस्तीला जेवढं घालशीला तेवढ्यात दुसरी येईल. हिला आता राहू द्या.’’

ही गाडी राहू द्यायची म्हणजे दुसरी घ्यायला हवी. एक हप्ता, फक्त एक हप्ता उरला होता, आणि तो भरायला चालू गाडी हवी. अण्णांच्या वडिलांनी कुणाची दमडी न ठेवता डोळे मिटले होते, आणि आपणही तसेच मिटायचे हे अण्णांनी लहानपणीच ठरवून टाकलं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी देवाकडे दुसरं काही मागितलं नाही. आता ते मागणं एका अंगणाच्या अंतरावर आलं होतं आणि मध्ये ढवळी आडवी बसली होती.

दुसऱ्या दिवशी दोघं गाड्यांच्या शोरूममध्ये गेले. कोट घातलेली एक मुलगी हसतमुखानं पुढं आली.

‘‘कुठपर्यंतची बघायची?’’ तिनं विचारलं.

‘‘म्हणजे?’’

‘‘ही करडी आहे ना सर, ही सांगोल्यापर्यंतची. ही सोलापूरपर्यंतची, एसी धरून. आणि ती लाल, जिचं छत उघडतं, ती नागपूरपर्यंत. पण तिच्या हप्त्याला वाटेत दोन मुक्काम पडतात.’’

अण्णांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. नवी गाडी म्हणजे नवं कर्ज, आणि नवं कर्ज म्हणजे ऑफिस पुन्हा लांब. समोरच्या दारात मान हलवणारे उपाध्ये एका सहीसरशी सोलापुरात जाऊन बसणार, आणि तिथं पोचायला गाडी हवी म्हणून ही गाडी. गाडीसाठी कर्ज आणि कर्जासाठी गाडी. त्यांनी कपाळाला हात लावला आणि परत फिरायला वहिनींना हाक मारणार, तोच त्यांना त्या दिसल्या.

वहिनी लाल गाडीपाशी उभ्या होत्या. काचेला हात न लावता आत बघत होत्या.

‘‘नागपूरच्या वाटेत काय काय लागतं हो?’’ त्यांनी मुलीला विचारलं.

‘‘नांदेड, यवतमाळ, वर्धा…’’

‘‘वर्धा,’’ वहिनी हळूच म्हणाल्या. त्यांनी ते नाव तोंडात थोडा वेळ तसंच ठेवलं. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचा असा चेहरा बघितला होता, पण फक्त गाडीत, आणि त्यांना वाटलं होतं की तो खिडकीतल्या वाऱ्यानं होतो.

त्या संध्याकाळी त्यांनी अंगणात, ढवळीला टेकून जेवण केलं. सूर्य शेजाऱ्यांच्या टाकीवर आला होता. वहिनींनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली.

‘‘तुम्हाला राग येईल,’’ त्या म्हणाल्या.

‘‘बोल तर.’’

‘‘कर्ज माझ्या बहिणीच्या घरचं. तुमच्या गळ्यात माझ्यामुळं पडलं. तुम्ही दुकानात डोळे फोडून फेडलंत. आणि मी… मी दर महिन्याला हप्त्याची वाट बघत होते.’’

अण्णांनी दह्याची वाटी त्यांच्याकडं सरकवली.

‘‘ह्या गल्लीतनं त्या गल्लीत लगीन होऊन आले मी. त्याच्या पलीकडं कधी काय बघितलंच नव्हतं. मंगळवेढ्याची ज्वारी, सोलापूरचं तळं, सांगोल्यातला तो चहावाला, जो तुम्हाला मास्तर म्हणायचा. सगळं हप्त्यानं दाखवलं. आणि एकेक करून ते संपत चाललं. सोलापूर संपलं त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.’’

‘‘तू म्हणालीस डोळ्यात मिरची गेली.’’

‘‘मिरची नव्हती.’’

अण्णांनी चटणीचं बोट चाटलं. त्यांना राग आला नव्हता. त्यांना हसू आलं होतं, आणि ते कुठं ठेवावं कळत नव्हतं.

‘‘मी चाळीसच्या वर गाडी कधी नेली नाही,’’ ते म्हणाले. ‘‘का, तुला काय वाटलं?’’

‘‘भीती वाटते म्हणून.’’

‘‘ती पण वाटते.’’

वहिनी हसल्या आणि लगेच पदर तोंडाला लावला. कर्जात हसायचं नाही अशी त्यांना इतक्या वर्षांत सवय झाली होती. मग त्यांनी भाकरी खाल्ली, कारण सूर्य टाकीच्या मागं चालला होता. अण्णांनी मात्र त्याच घासाला मनात ठरवून टाकलं. डोळे मिटायचे तेव्हा मिटू. वडिलांना सांगू काहीतरी. आता सोलापूरपर्यंतची घ्यायची.

शेवटच्या हप्त्याच्या सकाळी दार उघडलं तर ऑफिस अंगणात होतं. ढवळी आणि धुण्याचा दगड यांच्यामध्ये ते नेमकं बसलं होतं. इतकं नेमकं, की काउंटरची काच ढवळीच्या डाव्या खिडकीला जवळजवळ चिकटली होती आणि दुसऱ्या बाजूनं दोरीवरचा टॉवेल उपाध्यांच्या टेबलावर टपकत होता. व्यवहाराची वेळ दुपारनंतरची होती. तोवर उपाध्ये फायली चाळत बसले. वहिनींनी त्यांना खिडकीतून ताक दिलं, ते त्यांनी पावती न देता घेतलं.

ऊन कलल्यावर अण्णा काउंटरपाशी जाऊन उभे राहिले.

‘‘वाहन चालू आहे?’’ उपाध्यांनी विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘मग शेवटचा हप्ता घेता येत नाही. नवीन वाहनाचं कर्ज घ्या, ते वाहन घेऊन या, मग हा हप्ता भरा.’’

‘‘नवीन कर्ज घेतलं की ऑफिस सोलापूरला जाणार.’’

‘‘ऑफिस जात नाही.’’

‘‘म्हणजे आम्ही जाणार.’’

‘‘बरोबर,’’ उपाध्ये म्हणाले आणि अर्ज पुढं सरकवला. तो आधीच भरलेला होता. वाहनाच्या रकान्यात ‘सोलापूरपर्यंत’ असं लिहिलं होतं. फक्त सही बाकी होती.

अण्णांनी दोरीचं पेन उचललं. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या मर्जीनं कर्ज काढत होते. लाज वाटत होती आणि त्याच वेळी मंगळवेढ्याच्या अलीकडचं ते वळण डोळ्यांसमोर येत होतं, जिथं वहिनी नेहमी खिडकीची काच खाली करत. पेनाचं टोक कागदाला टेकलं.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. आतून नाही, बाहेरून. ढवळीच्या डाव्या सीटवर वहिनी बसल्या होत्या. नवं लुगडं, मांडीवर डबा. त्यांनी गाडीची काच खाली केली आणि काउंटरच्या फटीतून नोटा आत सरकवल्या.

‘‘उपाध्येसाहेब, हप्ता घ्या.’’

‘‘वाहनानं आलं पाहिजे, बाई.’’

‘‘मी वाहनातच आहे.’’

‘‘पण ते बंद आहे.’’

‘‘साहेब, मागच्या महिन्यात तुमच्या दारात आणि आमच्या दारात गल्ली होती का नाही?’’

‘‘होती.’’

‘‘आता नाही. तुमचं ऑफिस हलत नाही, असं तुम्हीच म्हणता. मग जवळ कोण आलं?’’

‘‘तुम्ही.’’

‘‘कशानं आलो? चालत तर आलो नाही. एसटीनं नाही. ह्या गाडीत मी बसलेय, आणि ही तुमच्या काउंटरला लागलेय. आता तुम्हीच सांगा, आम्ही कशानं आलो.’’

पंखा कुरकुरत होता. उपाध्यांनी भिंतीवरचा नियम वाचला, मान वाकडी करून खिडकी पाहिली, परत नियम वाचला. मग त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला. ‘‘जामीनदारानंही वाहनात बसावं,’’ ते म्हणाले. अण्णांनी पेन ठेवलं, ढवळीला वळसा घातला आणि उजव्या सीटवर जाऊन बसले. शिक्का पडला. पावती काउंटरच्या फटीतून बाहेर आली, वहिनींनी ती घेतली, आणि मागं डिकीचं कुलूप टक् करून उघडलं.

अण्णा उतरून मागं गेले. डिकीत जॅक नव्हता, स्टेपनी नव्हती. आत रस्ता होता. सतरंजी गुंडाळावी तसा घट्ट गुंडाळून ठेवलेला, काळाभोर, मधली पांढरी पट्टी एकावर एक नीट आलेली. कडेला मैलाचे दगड रचले होते आणि त्यांच्या फटीत सांगोल्यातल्या चहावाल्याचा काचेचा ग्लास अडकला होता. अण्णांनी वाकून वास घेतला. तुळजापूरची धूळ, सोलापूरचं ऊन, ओल्या ज्वारीचं रान. फेडलेलं सगळं इथं होतं. कुणी नेलं नव्हतं.

‘‘काय आहे?’’ वहिनींनी पुढून विचारलं.

‘‘आपलंच आहे,’’ अण्णा म्हणाले.

त्यांनी टोक धरून जरासं ओढलं. पुढचं काम रस्त्यानं स्वतः केलं. तो धप्पकन खाली उतरला, ढवळीच्या पोटाखालून सरकत पुढं आला, फाटकातून बाहेर पडला आणि गिरणीपाशी उजवीकडं वळला. ढवळी मागनं उचलली गेली. कितीतरी वर्षांनी तिचे दिवे सरळ समोर बघू लागले. अण्णा धावत येऊन सीटवर बसले आणि दार ओढून घेतलं. किल्ली त्यांनी फिरवली नाही. फिरवून उपयोगही नव्हता.

गाडी उभीच होती. रस्ता सरकत होता. धुण्याचा दगड मागं गेला, फाटक मागं गेलं, काउंटर आणि कुरकुरणारा पंखा मागं गेला. उपाध्ये अर्ज हातात घेऊन बाहेर आले, दोन पावलं पळाले, आणि मग पळणं त्यांच्या पदाला शोभेना म्हणून थांबले.

‘‘सही राहिली!’’ ते ओरडले. ‘‘मगदूम, सही राहिली!’’

अण्णांनी आरशात पाहिलं. उपाध्ये लहान होत होते, ऑफिस लहान होत होतं, आणि टॉवेल अजून त्यांच्या टेबलावर टपकत होता. आता लांब कोण जातंय, हे त्यांना विचारायला हवं होतं, पण ते राहून गेलं.

‘‘मागं काय बघताय?’’ वहिनी म्हणाल्या. त्यांनी डबा उघडला आणि दशमीवर चटणी घालून पुढं केली. ‘‘खाऊन घ्या. दिवस आहे तोवर.’’

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले आणि दशमी घेतली. समोर ज्वारीचं रान होतं आणि त्याच्यावर सूर्य, हातभर उंच, जिथल्या तिथं. वहिनींच्या बाजूनं मैलाचा पहिला दगड आला. त्याच्यावर गावाचं नाव नव्हतं, आकडाही नव्हता. तो नुसता पांढरा होता. वहिनींनी खिडकीतून हात काढून त्याला शिवून पाहिलं, तर बोटांना रंग लागला. अजून ओला होता.